आखाजीच्या दुसऱ्या दिवशीची सभा

संस्थेत काम करतो असं सांगितलं की समोरचा माणूस दोन प्रश्न विचारायचा. पहिला, "म्हणजे नक्की काय करता?" आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, "ते ठीक आहे हो, पण पोटापाण्याचं काय?" माझ्या सासऱ्यांनी तर लग्नाच्या बैठकीत दुसराच प्रश्न आधी विचारला होता. मी म्हणालो, "मानधन मिळतं." ते म्हणाले, "म्हणजे पगार नाही." तरीही त्यांनी मुलगी दिली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि दोघांचं त्यात भागेल असा त्यांचा हिशोब होता. तो बरोबर निघाला. समाजसेवेत टिकलेल्या बहुतेक पुरुषांच्या घरी एक नोकरी करणारी बाई असते, हे आमच्या क्षेत्राचं उघड गुपित आहे.

आमची संस्था म्हणजे हंगामी वसतिगृहं चालवणारा एक ट्रस्ट. कार्यालय जळगावात, मेहरूणला. काम मात्र बरंचसं धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्याच्या पश्चिमेला. दिवाळी झाली की तिथल्या वाड्या-पाड्यांवरची माणसं ऊस तोडायला निघतात, कुणी गुजरातेत जातात, आणि पोरं शाळा सोडून त्यांच्याबरोबर ट्रकमध्ये बसतात. ती पोरं गावातच राहावीत, त्यांना जेवण, अंथरूण आणि रात्री जवळ झोपायला एक मोठं माणूस मिळावं, एवढंच आमचं काम. सांगायला सोपं आहे. ज्या बाईला पन्नास पोरांच्या डोक्यातल्या उवा काढाव्या लागतात, तिला विचारा.

अशा बाईला जे मिळतं, त्याला मानधन म्हणतात. बाहेरच्या वाचकासाठी फरक सांगतो. पगार मिळणाऱ्याला भविष्य निर्वाह निधी असतो, ग्रॅच्युइटी असते, आजारपणाची रजा असते. मानधन मिळणाऱ्याला मान असतो. तोसुद्धा कार्यक्रमात शाल दिली तर. आमच्याकडे मेहरूणच्या कार्यालयातले आम्ही काही जण पगारी होतो, कारण सरकारी तपासणीला काहीतरी दाखवावं लागतं. साक्रीकडचे सगळे मानधनावर.

संस्थेचे संस्थापक म्हणजे नाना. रावेरकडचे केळीवाले शेतकरी, मोठी बागायत, हातात नेहमी कापडी पिशवी. नानांनी संस्थेत एक प्रथा आणली होती, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. आमच्या खान्देशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला, अक्षय्य तृतीयेला ठरतं. शेतमालक आणि सालदार समोरासमोर बसतात, चार माणसांच्या देखत आकडा बोलला जातो आणि वर्षभर तो पाळला जातो. नाना म्हणाले, संस्थेतही तसंच करू. आखाजीच्या दिवशी बायका माहेरी, झोक्यावर. म्हणून आमची सभा दुसऱ्या दिवशी, मेहरूणच्या कार्यालयामागे कडुनिंबाखाली सतरंजीवर. प्रत्येकाने उभं राहून आपल्याला किती मिळतं ते मोठ्याने सांगायचं, मग यंदा काय हवंय ते सांगायचं, आणि सगळ्यांनी मिळून ठरवायचं. नियम एकच होता. शेवटच्या माणसाचं सांगून होईपर्यंत सभा उठायची नाही. मागे पुरणपोळ्या आणि आमरस तयार असायचा, पण तोवर त्याला हात लावायचा नाही. त्यामुळे लाजणाऱ्या माणसाला बाकीचे भुकेले लोक चांगलंच बोलतं करायचे.

ऐकायला फार सुंदर वाटतं ना? पाहुण्यांनाही वाटायचं. मुंबईहून आलेल्या एका देणगीदार बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण मी तिथे दरवर्षी बसलेलो आहे, म्हणून पुढचंही सांगतो. पहिले उभे राहायचे नाना. ते म्हणायचे, "माझं शून्य. यंदाही काही नको." आणि खाली बसायचे. आता शून्यानंतर दुसऱ्या माणसाने काय बोलायचं? ज्याला हजार रुपये वाढवून हवे असायचे तो शंभरावर यायचा. ज्याला शंभर हवे असायचे तो म्हणायचा, "जे आहे ते बरं आहे." नानांचं शून्य केळीच्या बागेवर उभं होतं. माझे वडील भडगावला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. आमच्या घरी शून्याला शून्यच म्हणायचे. नाना ढोंगी नव्हते, त्यांनी पदरचे लाखो रुपये संस्थेत घातले. पण आपल्या त्यागाचं ओझं दुसऱ्यांच्या ताटात पडतं, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही. मला त्यांचा राग यायचा आणि राग आला की स्वतःची लाजही वाटायची.

माणसं निवडायला बसलो की हीच कथा. एकदा धुळ्याचा एक मुलगा आला होता, समाजकार्याची पदवी घेतलेला, हुशार. त्याने मुलाखतीत सरळ विचारलं, "पगार किती द्याल?" आमचे एक विश्वस्त होते, जळगावच्या सराफ बाजारातले अप्पा. ते एकदम ताठ झाले. पोरगा बाहेर गेल्यावर म्हणाले, "आल्या आल्या पैशाचं विचारतो! याच्यात सेवाभाव नाही." मी म्हणालो, "अप्पा, तुमच्या दुकानात माणूस ठेवताना तो विचारत नाही?" अप्पा म्हणाले, "ते दुकान आहे." तेव्हा मला राहवलं नाही. मी सांगितलं की पोरं सांभाळणं हे सोनं तोलण्याहून सोपं काम नाही, चांगलं माणूस हवं असेल तर चांगला पैसा मोजावा लागेल, नाहीतर माणसं येतील, शिकतील आणि सोडून जातील. हे भाषण मी पुढे प्रत्येक बैठकीत केलं. विश्वस्त ऐकून घ्यायचे, चहा प्यायचे आणि पुढचा विषय घ्यायचे. तो मुलगा एका बँकेत लागला आणि अप्पांकडूनच बायकोसाठी मंगळसूत्र घेऊन गेला.

आता इंदूअक्काबद्दल सांगतो, कारण हे सगळं तिच्यासाठीच लिहितो आहे. साक्रीजवळच्या खेड्यातली. वसतिगृहाची स्वयंपाकीण म्हणून आली आणि पुढे सगळ्या वसतिगृहांची देखरेख तिच्याकडे आली. माझ्याहून लहान, पण सगळे अक्का म्हणायचे म्हणून मीही म्हणायचो. कुठल्या पोराला रात्री आई आठवते, कुठलं पोर उपाशी असलं तरी सांगत नाही, हे तिला नजरेनं कळायचं. नवऱ्याला दमा होता. घर तिच्यावर चालायचं.

आखाजीच्या सभेत इंदूअक्का दरवर्षी एकच मागणी करायची. वाढ तिने कधी मागितली नाही. ती उभी राहायची, आकडा सांगायची आणि म्हणायची, "नाना, मले मानधन नको. मले पगारी धरा."

नाना हसून म्हणायचे, "इंदू, आपण सगळे सेवक आहोत. पगार नोकराला असतो."

"मंग मले नोकर म्हना ना, नाना. मले काय लाज नही. म्हातारपने दोन पैसा तरी येतीन."

लोक हसायचे, नानाही हसायचे, आणि ती खाली बसायची. पण शेवटी शेवटी नाना थकले होते. त्यांच्या अखेरच्या आखाजीला तिने तेच सांगितलं, तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "पुढच्या आखाजीला उभी राहा. सभेत नोंदवून तुला पगारावर घेऊ. मी शब्द देतो." त्या पावसाळ्यात नाना गेले.

नानांच्या मागे संस्था चालवायला कोण, असा प्रश्न आला. मुलं परदेशात. विश्वस्तांनी ठरवलं की आता मुख्य कार्यकारी अधिकारी नेमायचा, व्यावसायिक, बाहेरचा. बैठकीत पगाराचा विषय निघाला तेव्हा मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहीत बसलो होतो. अप्पा उठले आणि बोलू लागले: चांगलं माणूस हवं असेल तर चांगला पैसा मोजावा लागेल, नाहीतर माणसं येतील, शिकतील आणि सोडून जातील. शब्दन् शब्द माझा. इतकी वर्षं मला वाटत होतं की अप्पा ऐकत नाहीत. ते ऐकत होते, फक्त ते एका माणसापुरतं लागू करायचं असं त्यांनी ठरवलं होतं. आकड्याच्या वेळी मला बाहेर बसायला सांगितलं.

साहेब पुण्याहून आले. सगळ्यांसारखं मीही त्यांना साहेबच म्हणतो. त्यांना वाईट म्हणता येणार नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे, डबा घरून आणायचे. वसतिगृहांना सौर दिवे आले, पोरांना गाद्या आल्या, ते त्यांच्यामुळेच. मोठ्या कंपन्यांच्या दारात आम्ही उभे राहू शकत नव्हतो, ते आत जाऊन खुर्चीवर बसायचे. आमच्या धंद्यात हे लागतं. कंपन्यांना प्रशासनावरचा खर्च बघवत नाही. त्यांना वाटतं आपला प्रत्येक रुपया थेट पोराच्या ताटात पडावा. म्हणून मोठ्या साहेबांचा पगार एका जागी दिसत नाही. थोडा गाद्यांच्या प्रकल्पावर, थोडा दिव्यांच्या, थोडा पोषण आहाराच्या, असा वाटून टाकतात. सगळं कायदेशीर असतं, लेखापरीक्षक सही करतो. आणि कंपनीने प्रकल्प बंद केला की साहेबांचा तुकडा दुसऱ्या प्रकल्पावर जातो, वसतिगृहातल्या बाईचं मानधन मात्र त्या प्रकल्पाबरोबर संपतं.

किती होता पगार? खरं सांगतो, मला आजही माहीत नाही. कुणी म्हणायचं दीड लाख, कुणी तीन. साक्रीत तर पाच लाखांपर्यंत गेले होते. नानांच्या काळात प्रत्येकाचा आकडा प्रत्येकाला पाठ असायचा. आता चहाच्या टपरीवर आमचे लोक भाव लावत बसायचे. दोन लाख असते तरी माझी तक्रार नव्हती. मीच तर वर्षानुवर्षं ओरडत होतो की या कामाला पैसा द्या.

मग आखाजी आली. सभा बंद करू असं साहेब म्हणाले नाहीत. उलट कौतुकाने येऊन सतरंजीवर मांडी घालून बसले. साक्रीहून सगळे आले होते. इंदूअक्का नवीन जांभळं लुगडं नेसून आली होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, आज मनं नोंदाडा बरं. नानानं बोलेल शे." मी म्हणालो, "अक्का, इतिवृत्त मीच लिहितोय. तुमचं नोंदवतो, काळजी सोडा."

सभा मी चालवायची होती. नाना पहिले उभे राहायचे, म्हणून मी साहेबांकडे वळलो आणि म्हणालो, "साहेब, सुरुवात तुमच्यापासून."

ते हसले. म्हणाले, "बघा, मोठ्या संस्थांमध्ये पगार ही खाजगी बाब असते. माझ्या करारातही तसंच आहे. आणि कुणावरही सांगायची सक्ती असू नये, असं मला मनापासून वाटतं. तुमच्यावरही नाही."

मागच्या रांगेत प्रकाश बसला होता, आमचा धुळ्याकडचा पर्यवेक्षक, तापट डोक्याचा. तो उठला. "ठीक शे साहेब. मंग मनं बी खाजगी शे." आणि बसला.

लोक हसले. मीही हसलो. दुसरा उठला, "मनं बी खाजगी." तिसरी उठली, चौथा उठला. एकेक जण उठायचा, छाती पुढे काढून तेच बोलायचा आणि मोठ्या ऐटीत बसायचा. आम्हाला वाटत होतं आम्ही साहेबांना कोंडीत धरतोय. इतकी मजा त्या सतरंजीवर कधीच आली नव्हती. साहेब शरमतील, उठून आपला आकडा सांगतील, अशी आमची खात्री होती.

असं होत होत पाळी इंदूअक्कावर आली.

तिने उभं राहून सगळ्यांकडे पाहिलं. आकडा सांगितल्याशिवाय मागणी मांडता येत नाही आणि सभेत मांडल्याशिवाय नोंदवता येत नाही, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण बोलली तर ती एकटी फुटली असं झालं असतं. पदराचं टोक तिने मुठीत धरलं होतं. प्रकाश मागून म्हणाला, "बोल ना अक्का!"

ती म्हणाली, "मी काय सांगू? बठ्ठासनं जे, तेच मनं. खाजगी शे." आणि बसली. सगळ्यांचं जे, तेच तिचंही झालं. टाळ्या पडल्या.

साहेबही टाळ्या वाजवत उभे राहिले. त्यांना शरम वगैरे काही वाटली नव्हती. ते खरोखर खूश झाले होते. म्हणाले, "मला वाटलं होतं हा बदल पचायला दोन-तीन वर्षं लागतील. तुम्ही एका दिवसात केलात. पुढच्या वर्षीपासून प्रत्येकाशी मी वेगळं बसून बोलेन. चला, जेवून घेऊ." आणि ते पुरणपोळीकडे गेले. सभा उठली. शेवटच्या माणसाचं सांगून झालेलं नसताना उठलेली ती पहिली सभा आणि तीच शेवटची.

पुढे वेगळं बसणं झालं. कुणाला दोनशे वाढले, कुणाला पाचशे, आणि प्रत्येकाला सांगितलं गेलं की दुसऱ्याला सांगू नका. वर्षाच्या आत एका ताटात जेवणारी माणसं एकमेकांच्या नवीन चपलांकडे संशयाने पाहू लागली. प्रकाशला दुचाकी मिळाली, तेव्हापासून तो आमच्यात बसेनासा झाला. इंदूअक्काचं प्रकरण मी साहेबांपुढे ठेवलं, नानांच्या शब्दासकट. त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाले, "लेखी काही आहे का? सभेत नोंद?" मी सांगितलं की त्या दिवशी नोंद होणार होती. ते म्हणाले, "त्यांनी स्वतःच खाजगी म्हटलं ना. आणि एकीला पगारावर घेतलं तर सगळ्यांना घ्यावं लागेल. पैसा कुठून आणू?" मी विश्वस्तांकडेही गेलो. अप्पांनी चहा पाजला.

ती साठीला आली तेव्हा तिचा प्रकल्पही संपत होता, त्यामुळे निरोप समारंभ सोपा झाला. साक्रीच्या वसतिगृहात पोरांनी रांगोळी काढली. शाल, नारळ, गौतम बुद्धांची छोटी मूर्ती. साहेब जळगावहून आले, कॅमेरावालाही आणला होता. चांगलं बोलले. मग इंदूअक्काला दोन शब्द बोलायला सांगितलं.

तिने माईक बाजूला केला. म्हणाली, "नाना म्हने, बठ्ठासनं सांगाई जात नही तवलगून उठानं नही. त्या दिन मी सांगं नही. आज सांगस. मले नऊ हजार भेटतस. मानधन. पगार नही." आणि ती उभीच राहिली. दुसरं कुणीतरी उठेल म्हणून वाट पाहत राहिली. मी उठलो, माझा पगार सांगितला. प्रकाश मोबाइलमध्ये पाहत होता. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. त्यांच्याही घरी चुली होत्या, मी त्यांना दोष देत नाही. पण त्या खोलीत तेव्हा जो कडवटपणा माझ्या तोंडात आला, तो अजून गेलेला नाही.

साहेबांचे डोळे मात्र भरून आले होते. खोटं नाही, मी पाहिलं. पुढच्या महिन्यात संस्थेचं नवं माहितीपत्रक छापून आलं, देणगीदारांसाठी, गुळगुळीत कागदावर. पहिल्याच पानावर शाल पांघरलेली इंदूअक्का. खाली ठळक अक्षरांत: 'महिना अवघे नऊ हजार. तरीही चेहऱ्यावर हसू. अशा समर्पणावर आमची संस्था उभी आहे.' त्या पत्रकावर देणग्या चांगल्या आल्या.

मी ते तिला दाखवणार नव्हतो. पण साक्रीच्या बाजारात कुणीतरी दाखवलंच. तिचा फोन आला. "भाऊ, त्यासनी मना फोटो छापेल शे. आकडा बी छापेल शे. साहेबना आकडा कोनता पानवर शे? मले कोनी वाची दाखाडत नही." मी म्हणालो, "तो छापलेला नाही, अक्का." तिने फोन ठेवला.

माझी मुदतवाढ संपल्यावर मीही निवृत्त झालो. मेहरूणच्या तलावावर फिरायला जातो, तेव्हा कार्यालयावरून जावं लागतं. कडुनिंब तोडून तिथे वाहनतळ केला आहे. ओळखीचे भेटले की मानधनाचा विषय काढत नाहीत आणि मीही काढत नाही. इंदूअक्का आता साक्रीत आयटीआयच्या मुलांना डबे देते. पोळ्या तिच्याच हातच्या, भाजीला सून.

दर आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन येतो. यंदाही आला. हालहवाल न विचारता थेट सुरुवात.

"भाऊ, मी इंदू बोलस. यंदा मनं सांगस. बठ्ठा खर्च जाईसन महिनाले अकरा हजार ऱ्हातस. आते तुमनं सांगा."

पन्नास पोरांची आई होऊन नऊ, आणि पोळ्या लाटून अकरा. मी माझं निवृत्तिवेतन सांगितलं. ते भविष्य निर्वाह निधीचं, अगदी थोडं. आमचं घर बायकोच्या पेन्शनवर चालतं, तेही सांगितलं.

"नानानं शून्य धरू," ती म्हणाली. "आनि साहेबनं? समजनं का काही?"

"नाही, अक्का. अजून नाही."

पलीकडे तव्यावर पोळी टाकल्याचा आवाज आला. घरात आमरसाचा वास सुटला होता, बायको पानं घेत होती, आणि मी फोन ठेवून उठायच्या बेतात होतो.

"मंग बसा खाले," इंदूअक्का म्हणाली. "सभा आजून उठेल नही."